चारशे तेरावी गाडी

सहा वर्षांत माझ्या केबिनमधून एकही गाडी नापास झाली नाही. हे मी पूर्वी छाती फुगवून सांगायचो. आता तेच पोलिसांनी कागदावर उतरवून घेतलंय आणि खाली माझी सही आहे.

मी भूपाल मगदूम. सगळे अण्णा म्हणतात. मिरजेत सांगली रस्त्याला माझं पीयूसीचं केबिन होतं. गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालायची, धूर तपासायचा, सर्टिफिकेट द्यायचं. लबाड माणूस म्हणून मला कुणी ओळखत नव्हतं. भिडस्त म्हणून ओळखायचे. तोंडावर नाही म्हणणं मला जन्मात जमलं नाही. बायको म्हणायची, "भीड भिकेची बहीण असते, एक दिवस कळेल तुम्हाला." ती गेली, आणि कळायचा दिवस पोरीवर आला.

आधी डिझेल-पेट्रोलचं सांगतो, त्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

डिझेलची गाडी लिटरला जास्त पळते. म्हणून हवा तापवणारा कार्बन डायऑक्साइड ती किलोमीटरमागे थोडा कमी सोडते. पण तिच्या धुरात नायट्रोजनचे विषारी वायू जास्त आणि काजळी जास्त. ती काजळी अडवायला सायलेन्सरच्या अलीकडे एक फिल्टर बसवलेला असतो, आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं. तो साफ राहायला गाडी अधूनमधून लांब आणि जोरात पळवावी लागते, म्हणजे साठलेली काजळी आतल्या आत जळून जाते. आमच्या लोकांच्या गाड्या जाणार कुठे? घरापासून मार्केट यार्ड, तिथनं शाळा, शाळेतनं घर. फिल्टर तुंबतो, गाडी ओढत नाही. मग मालक जातो रावसाब मिस्त्रीकडे. रावसाब नळकांडं कापतो, पोळं फोडून काढतो, परत वेल्डिंग मारतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला पटवतो की फिल्टर जागेवर आहे. गाडी वाऱ्यासारखी पळते. मागे काळा ढग, पण मागे बघतो कोण? आणि वर्षाच्या सर्टिफिकेटला तीच गाडी माझ्या दारात.

पेट्रोलचं उलट. कार्बन डायऑक्साइड जास्त, पण धूर डोळ्यांना दिसत नाही. जे दिसत नाही ते नाहीच, एवढं आमचं शास्त्र.

मी केबिन घेतलं त्याच वर्षी ठसा आला. कुणीतरी शोधून काढलं होतं की प्रत्येक इंजिनची काजळी वेगळी असते. इंजिन ऑइलमधलं जस्त आणि कॅल्शियम, झिजणाऱ्या इंजिनाचं लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम, हे सगळं कणाकणानं काजळीत उतरतं. कशाचं किती, ते प्रमाण दोन गाड्यांचं सहसा जुळत नाही. ऑइल बदललं की थोडं सरकतं, पण मूळ ओळख पुसली जात नाही. सरकारनं आम्हाला नवं मशीन दिलं. नाण्याएवढी एक चकती गाडीच्या धुरात धरायची, मशीनमध्ये घालायची. मशीन काजळीचं वजन करून पास-नापास ठरवतं आणि ठसा गाडीच्या नंबरासकट दिल्लीच्या नोंदवहीत पाठवतं. उद्या कुणाच्या फुफ्फुसात काजळी सापडली, तर ती कुठल्या गाडीची हे सांगता यायला हवं, अशी कल्पना. खोटा ठसा पाठवला तर थेट तुरुंग.

आणि रावसाबच्या गाड्यांची चकती तव्याच्या बुडासारखी काळी यायची. काय करणार? समोर उभा असलेला माणूस माझ्या चुलतभावाचा व्याही, नाहीतर पोरीच्या शाळेतले मास्तर, नाहीतर आमच्याच जैन बस्तीचे, म्हणजे देवळाचे ट्रस्टी. "अण्णा, बघा की जरा." मी बघायचो. त्यांची गाडी कॅमेऱ्यासमोर उभी करायची, नंबराचा फोटो काढायचा आणि चकती धरायची माझ्या स्वतःच्या गाडीच्या धुरात.

माझी गाडी पेट्रोलची, नवी कोरी, पांढरी. केबिनच्या मागं उभी असायची, तिची पाठ मागच्या खिडकीकडं. गार इंजिनचा नमुना नीट येत नाही, म्हणून सकाळी दहा ते संध्याकाळी सहा इंजिन चालूच ठेवायचो. चौकातले मेकॅनिक तिला गाय म्हणायचे. सकाळी शटर उघडताना रावसाब पलीकडून ओरडायचा, "अण्णा, गाय दावणीला बांधली का?" आणि मी हसायचो. दुभती गाय होती खरी, सगळ्या गावाला पुरली.

आमच्यात पाणी गाळून पितात. नळाला कापडाची पिशवी, आठवड्याला बदलायची, बायको गेल्यावरही मी ते चुकवलं नाही. पाणी गाळणारा माणूस मी आणि फिल्टर फोडलेल्या गाड्या पास करत होतो. हे तेव्हा दिसलं नाही असं म्हणणार नाही. दिसलं होतं. कानाडोळा केला.

कॉम्प्युटरवर बसायची माझी मुलगी, त्रिशला. बी.एस्सी. झालेली, केमिस्ट्री घेऊन. पुण्यात एका लॅबमध्ये नोकरी लागत होती. मीच म्हटलं, कशाला परक्या गावात खोली घेऊन राहतेस, इथं आपलं केबिन आहे, मलाही सोबत होईल. ती राहिली. सगळ्या नोंदी तिच्या हातच्या. पहिल्या आठवड्यातच तिनं विचारलं होतं, "अण्णा, हे बरोबर आहे का?"

"जगात काय काय चाललंय, आणि तू माझ्या चकतीवर बसलीस," मी म्हटलं.

तिनं परत विचारलं नाही. तिला खोकला लागला तिसऱ्या वर्षी. मला खात्रीच, रस्त्यावरच्या डिझेलचा धूर. मी लगेच सुताराला बोलावून रस्त्याकडची खिडकी खिळे ठोकून बंद करून घेतली. मागची उघडी ठेवली. "मागनं स्वच्छ हवा येते," मी म्हटलं. तिची खुर्चीही मीच उचलून मागच्या खिडकीपाशी ठेवली.

"गाडी तरी मधनं बंद करत जा की," ती एकदा म्हणाली.

"पेट्रोल आहे बाळ ते. थांब, दाखवतो." मी खिशातला पांढरा रुमाल काढून सायलेन्सरच्या तोंडावर मिनिटभर धरला आणि तिच्यापुढं पसरला. पांढराशुभ्र. "डिझेलला धर बघू असा. जन्मात धुऊन निघायचा नाही."

ती रुमालाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "अण्णा, पाण्यात मीठ घातलं आणि आपल्या पिशवीतनं गाळलं तर मीठ अडतं का?"

"तुझी केमिस्ट्री तुझ्यापाशी," मी म्हटलं. आम्ही दोघंही हसलो. मला तो दिवस चांगला आठवतो, कारण तिला हसताना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना.

सहाव्या वर्षी तिला जिना चढता येईना. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. डॉक्टर आयेशा बागवान म्हणून छातीच्या डॉक्टर आहेत, वय चाळिशीचं, कमी बोलणाऱ्या. त्यांनी त्रिशलाच्या फुफ्फुसात नळी घालून थोडं पाणी फिरवून काढलं आणि ठशाला पाठवलं. आठवड्यानं मला एकट्याला खोलीत बोलावलं.

"काका, नीट ऐका," त्या म्हणाल्या. "काजळी फुफ्फुसात गेली की पांढऱ्या पेशी ती गिळतात. पण पचवता येत नाही, म्हणून त्या पेशी ती पोटात घेऊन बसून राहतात. आता त्याच्यावर औषध आहे, पण दोन प्रकारचं. डिझेलची काजळी गठ्ठ्यानं असते, ती वरच्या श्वासनळ्यांत अडकते. तिथल्या पेशी जोरदार औषधानं फोडायच्या, काजळी कफातून बाहेर पडते. तीन सोमवारी तीन डोस, काम झालं. नव्या पेट्रोल इंजिनची काजळी फार बारीक. त्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात, गाडीला ॲव्हरेज चांगलं मिळतं, पण कण इतके सूक्ष्म होतात की डोळ्याला दिसत नाहीत, वजनात भरत नाहीत. हिशोबानं पेट्रोललाही फिल्टर हवा, पण सगळ्यांना नसतो. ते कण थेट तळाच्या, हवेच्या बारीक फुग्यांपर्यंत जातात. तिथं हे जोरदार औषध दिलं तर पेशी फुटून काजळी तिथंच सांडते आणि फुगे करपतात. त्याला वर्षभराचं सौम्य औषध असतं."

"मग हिला कुठलं?"

"तीच अडचण आहे. फुफ्फुसात इतकी वर्षं राहिल्यावर काजळीचं वरचं आवरण धुऊन जातं, कण एकमेकांना चिकटतात. राहतो फक्त धातूंचा ठसा. तो कुठल्या गाडीचा, तेवढं नोंदवही सांगते, आणि गाडीवरून इंधन कळतं." त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवला. "आणि नोंदवही म्हणते, हा ठसा चारशे तेरा गाड्यांचा आहे. असं मी कधी पाहिलेलं नाही."

यादी वर सरकत होती. मास्तरांची गाडी. ट्रस्टींची. व्याह्यांची. माझ्या डोक्यात तिडीक गेली. या लोकांनी माझ्या पोरीची छाती जाळली, आणि मी यांना चहा पाजून पाठवत होतो. खरंच सांगतो, पहिल्यांदा मनात हेच आलं. मग यादी खाली थांबली आणि शेवटचा नंबर माझा होता.

"चारशे बारा डिझेलच्या," डॉक्टर म्हणाल्या, "आणि ही एकच पेट्रोलची. तुमच्याच नावावर आहे. एकाच खेपेचं ऑइल किंवा एकाच बनावटीचं इंजिन असेल, म्हणून ठसे सारखे आले असतील, असं मला वाटतंय. पण मग ही पेट्रोलची त्यात कशी? नोंद करताना हिच्यात काही चूक झाली असेल का, काका? तुमचंच केबिन आहे, तुम्हीच सांगू शकाल. हिचं औषध त्यावर ठरणार आहे."

याहून सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. ठसे चारशे तेरा नव्हते, एकच होता, आणि तो माझ्या गाडीचा होता. तेवढं एक वाक्य. पण त्या वाक्यामागं पोलीस उभे दिसले, केबिनला सील दिसलं, सगळ्या गावाची तोंडं दिसली. नोंदींवर त्रिशलाचंही नाव होतं, ती सबबही मी लगेच शोधून ठेवली.

"चूकच झाली असेल," मी म्हटलं. "गडबडीत दुसऱ्या गाडीचा ठसा माझ्या नंबरावर पडला असेल."

"म्हणजे डिझेल."

"डिझेलच असणार. रस्त्यावर सगळं डिझेलच आहे."

त्यांनी लिहून घेतलं. मी तिथून केबिनवर गेलो, गाय सुरू केली आणि नवा धुतलेला रुमाल पाच मिनिटं धरला. पांढराच. माझ्या जिवाला बरं वाटलं. म्हटलं, आपण खोटं बोललोच नाही, डॉक्टर पुस्तकातलं सांगतात, आपण डोळ्यांनी बघतो. माणसाला स्वतःला फसवायला एक रुमाल पुरतो.

पहिल्या सोमवारी सकाळी सहीसाठी कागद आला. त्रिशला पलंगावर उशीला टेकून बसली होती. नोंदवहीच्या यादीवरून डिझेल, असं त्यावर लिहिलं होतं. तिनं तो दोनदा वाचला आणि मला विचारलं, "अण्णा, यादीत आपली गाडी होती का?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं." तिनं माझ्याकडं थोडा वेळ बघितलं आणि सही केली.

नळीतून वाफेसारखं औषध छातीत गेलं. दोन दिवस काळा कफ पडला तेव्हा मी नर्सबाईंना सांगितलं, बघा, डिझेल निघालं. दुसऱ्या सोमवारी ताप चढला. डॉक्टर म्हणाल्या, काहींना येतो, पण त्यांच्या कपाळावर आठी होती. डोस देण्याआधी त्यांनी परत विचारलं, "काका, नोंदीचं नक्की ना?" मी मान हलवली. त्रिशला तेव्हाही माझ्याकडंच बघत होती. मला वाटलं, तिला भीती वाटतेय. मी तिचा हात धरून म्हटलं, "एकच राहिला आता, धीर धर." ती म्हणाली, "मी धरलाय, अण्णा."

तिसऱ्या सोमवारीही डॉक्टरांनी तेच विचारलं आणि मी तशीच मान हलवली. बुधवारी तिचे ओठ निळे पडले. गुरुवारी दुपारी तिला काचेपलीकडं नेलं, घशात नळी घातली. मी बाकावर बसून होतो. शेजारी एक बाई नातवाला भरवत होती, आणि ते पोर घास थुंकून नको म्हणत होतं. एवढंसं पोर नाही म्हणू शकत होतं. मी उठलो आणि डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. गाय, चकत्या, खिडकी, रुमाल. उभ्यानंच सांगितलं, बसायची लाज वाटली.

त्यांनी आधी फोन करून आतला डोसाचा उतारा सुरू करायला सांगितलं. मग डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पहिल्या सोमवारी सहीआधी तिनं मला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणाली, समजा काजळी पेट्रोलची असली आणि डिझेलचं औषध दिलं, तर काय होतं? मी सगळं सांगितलं. का विचारतेस म्हटलं, तर म्हणाली, सहज, केमिस्ट्री शिकलेय. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

तिला माहीत होतं. चारशे बारा चकत्या माझ्या गाडीच्या धुरात धरलेल्या तिनं स्वतः बघितल्या होत्या, तिला माहीत नसणार तर कुणाला? तरी तिनं सही केली, एकदा नाही, तीनदा औषध ओढून घेतलं.

पुढचं पोलिसांत आहे, थोडक्यात सांगतो. माझा जबाब झाला, केबिनला सील लागलं, जामीन मिळाला. चारशे बारा गाड्या परत तपासायला बोलावल्या आणि त्यांच्या खऱ्या चकत्या काळ्या निघाल्या. त्यांच्या काजळीनं कुणाकुणाची छाती जाळली, ते अजून कुणाला ठाऊक नाही, कारण नोंदवहीत त्या सगळ्यांचा ठसा माझाच. चौकात दोन तट पडले. डिझेलवाले म्हणतात, बघा, पोरीची छाती पेट्रोलनं जाळली, आम्ही उगाच बदनाम. पेट्रोलवाले म्हणतात, काळा धूर तुमचाच. आणि दोघंही आपापल्या गाडीला किक नाही तर स्टार्टर मारून निघून जातात. रावसाब माझ्याशी बोलत नाही. त्याचं गॅरेज चालू आहे. माझी गाडी पुरावा म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात उभी आहे, पांढरी, धूळ खात. मी मागच्या आठवड्यात तिच्या जवळून गेलो आणि तिला हात लावावासा वाटला, एवढा मी निर्लज्ज.

त्रिशलाच्या घशातली नळी अकराव्या दिवशी काढली. उजवं फुफ्फुस गेल्यात जमा आहे, डावं अर्धं. आयुष्यभर नाकाला ऑक्सिजन लागणार, आणि ते आयुष्य किती, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मला भेटायला पाच मिनिटं मिळाली. सोबत गाळलेलं पाणी नेलं होतं, घरचं. ते टेबलावर ठेवलं आणि तिच्या पायाशी उभा राहिलो.

"का केलंस असं?" मी म्हटलं. "एक शब्द बोलली असतीस तर."

तिनं मास्क थोडा वर केला. एकेका शब्दाला थांबत होती.

"मी सांगितलं असतं, तर ते मी सांगितलेलं झालं असतं. तुम्ही नाही."

"अगं, पण जिवाशी खेळ."

"तीन सोमवार होते, अण्णा. पहिल्यांदा मी विचारलं, मग दोनदा डॉक्टरांनी, आणि दर वेळी मी तुमच्या तोंडाकडं बघायची." तिला धाप लागली. नर्सबाई पुढं आल्या, तिनं हातानं थांबवलं. तिला वाक्य पुरं करायचं होतं.

"मला वाटलं, माझ्यासाठी तरी एक गाडी नापास कराल."